मानमोडीतून जे वाचले, त्यांच्या फुप्फुसांचं पुढे काय झालं?

मुंबईत 6 ऑक्टोबर 1918 या एकाच दिवशी 768 मृत्यू नोंदले गेले. 1918 च्या इन्फ्लुएंझावर काहीही वाचायला घ्या, हा आकडा लवकरच समोर येतो. त्याच वर्षी जूनमध्ये सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले, तिथून मुंबईतली पहिली लाट मोजतात. सप्टेंबरमध्ये दुसरी आली, आणि ती मारक ठरली. देशभरात किती माणसं गेली यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी 1919 च्या प्राथमिक अहवालात साठ लाखांचा अंदाज दिला. 1921 च्या जनगणनेने तो सव्वा कोटीच्या आसपास नेला. आय. डी. मिल्स यांनी 1986 च्या निबंधात मुंबई इलाख्याच्या नोंदी तपासून देशाचा आकडा 1 कोटी 70-80 लाखांपर्यंत पोचवला. नंतरच्या काही अभ्यासांनी तो पुन्हा खाली आणला. म्हणजे मेलेल्यांची मोजणी शंभर वर्षं होते आहे आणि अजून संपलेली नाही.

आता तोच प्रश्न उलटा विचारून बघा. त्या ऑक्टोबरात ताप येऊन उठलेले लोक किती होते? त्यातल्या किती जणांना पुढच्या उन्हाळ्यात गोदीत पोतं उचलताना धाप लागली? किती जणींचा खोकला वर्षभर राहिला? जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत दोनच गोष्टींना जागा असते, नावातच ते आहे. बरा झालेला माणूस त्या वहीतून नाहीसा होतो आणि परत येतो तो थेट मरताना, तेही बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाखाली.

हा लेख त्या नाहीशा झालेल्या माणसांबद्दल आहे. श्वसनमार्गाचा विषाणूसंसर्ग बरा झाल्यावर फुप्फुसात काय उरतं, हे वैद्यकाला कसं कळत गेलं आणि आपल्या भागात ते का नोंदलं गेलं नाही, असे दोन धागे आहेत. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, इतिहासाची नाही. पण पीएचडीच्या पहिल्या वर्षी रिव्ह्यू लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की या विषयातले निम्मे वाद मुळात नोंदींचे वाद आहेत. तुम्ही सिनॉप्सिसच्या तयारीत असाल तर ही गोष्ट आत्ताच कळलेली बरी.

नाव होतं, रकाना नव्हता

मी वारंगा फाट्याची. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते : नांदेडहून अर्धापूर ओलांडून आलं की रस्ता इथे फुटतो. एक आखाडा बाळापूर-कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. आज आपण याला हिंगोली जिल्हा म्हणतो, पण हा जिल्हाच 1 मे 1999 चा. 1918 मध्ये हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होती. मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज 1900 पासून चालू होती, पूर्णेहून हिंगोलीपर्यंतचा फाटा 1912 चा. म्हणजे साथ आली तेव्हा रेल्वे येऊन सहाच वर्षं झाली होती, आणि हा रोग देशभर पसरला तो मुख्यतः रेल्वेच्याच वाटेने.

हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या 1911 मध्ये 1 कोटी 33 लाख 74 हजार होती, 1921 मध्ये ती 1 कोटी 24 लाख 71 हजारांवर आली. दहा वर्षांत जवळपास 6.8 टक्के घट. इथे घाईने निष्कर्ष काढू नका. त्या दशकात प्लेग होता, 1918 चा पाऊस बुडाला होता, पाठोपाठ टंचाई होती, माणसं पोटासाठी बाहेर गेली होती. जनगणनेतली घट म्हणजे या सगळ्यांची गोळाबेरीज. त्यातून इन्फ्लुएंझा वेगळा काढायचा तर गावपातळीवरची महिनावार नोंद लागते. मुंबई इलाख्यासाठी मिल्स यांना तशा नोंदी निदान तुटक का होईना मिळाल्या. आपल्या भागाच्या सरकारी कागदांची भाषा उर्दू. गंमत बघा, उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं तेही 1918 मध्येच. मराठवाड्यातल्या साथीचा इतिहास लिहायला मराठी पुरत नाही, हे तुमच्यापैकी कोणी इतिहासाकडे वळणार असेल तर लक्षात ठेवा.

सरकारने नोंद ठेवली-न ठेवली, लोकांनी रोगाला नाव ठेवलं : मानमोडी. जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून ऐकू येतो. काय होत असेल ते नावावरूनच कळतं. पण हे नाव तापाच्या दिवसांचं आहे. ताप उतरल्यावर जे काही उरलं त्याला वेगळं नाव पडलं नाही. ते 'दमा', 'क्षय', 'अशक्तपणा' या आधीपासून असलेल्या नावांत मिसळून गेलं.

मुंबईच्या नोंदीत मात्र एक रकाना होता आणि तो फार बोलका आहे. तिथे मृत्यू जातीनिहाय मोजले गेले. दर हजारी मृत्यू तेव्हाच्या अहवालांत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलेल्या गटात 61.6, इतर हिंदूंमध्ये 18.9 आणि युरोपियनांमध्ये 8.3. विषाणू एकच, शहर एकच. फरक चाळीतल्या खोलीचा, धुराचा, अन्नाचा, कामाचा आणि शुश्रूषा करायला कोणी घरात होतं की नव्हतं याचा. आता विचार करा : ज्या वस्तीत मृत्यू सातपट, तिथे मरणाच्या दारातून परत आलेलेही जास्त असणार, आणि त्यांची फुप्फुसं आधीच धुराने आणि सुताच्या कस्पटांनी झिजलेली असणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण गृहीतक असंच सुरू होतं.

शवविच्छेदनात जे दिसलं

जिवंत माणसाच्या फुप्फुसात डोकावायची सोय तेव्हा जवळपास नव्हती. जे कळलं ते मेलेल्यांकडून. अमेरिकेत येल विद्यापीठातले मिल्टन विंटर्निट्झ आणि त्यांचे दोन सहकारी, वेसन आणि मॅकनमारा, यांचं इन्फ्लुएंझाच्या विकृतीशास्त्रावरचं पुस्तक 1920 मध्ये आलं. त्यांनी बघितलं की श्वासनलिकांचं अस्तर सोलून निघालेलं असतं. जे रुग्ण काही आठवडे जगून मग गेले, त्यांच्यात ते अस्तर परत येताना वेगळंच येतं : केसाळ, कफ वर ढकलणाऱ्या पेशींच्या जागी चपट्या, कातडीसारख्या पेशी. बारीक श्वासनलिकांच्या आत तंतुमय गाठी तयार होऊन त्या बुजतात. काही ठिकाणी नळ्या फुगून कायमच्या रुंद होतात, ज्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात.

या कामाची एक खोच सांगण्यासारखी आहे. हाच गट पहिल्या महायुद्धातल्या विषारी वायूंनी फुप्फुसाचं काय होतं यावरही काम करत होता, आणि त्यांचं त्यावरचं पुस्तकही 1920 चंच. वायूने भाजलेलं फुप्फुस आणि फ्लूने जळलेलं फुप्फुस भरून येताना खूपसं सारखं दिसतं. कारण फुप्फुसाकडे भरून येण्याच्या वाटाच मोजक्या आहेत. ही कल्पना आजच्या फायब्रोसिस संशोधनाच्याही पायाशी आहे, म्हणून जरा थांबून बघू.

फुप्फुसात साधारण 48 कोटी वायुकोश असतात. प्रत्येकाची भिंत इतकी पातळ की हवा आणि रक्त यांच्यात नावापुरता पडदा. या भिंतीवर दोन प्रकारच्या पेशी : टाइप-1 पसरट, त्यांच्यातून वायूची देवाणघेवाण होते, टाइप-2 गोलसर, त्या कोश मिटू नयेत म्हणून साबणासारखा पदार्थ स्रवतात आणि गरज पडली तर स्वतः टाइप-1 बनून भिंत दुरुस्त करतात. म्हणजे टाइप-2 हाच गवंडी. विषाणूने गवंडीच मारला, तर दुरुस्ती फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशींकडे जाते. त्या कोलॅजनचे तंतू टाकतात. जखमेवर खपली धरते तसंच हे, पण वायुकोशाच्या भिंतीला खपली परवडत नाही. ती जाड झाली की ऑक्सिजन पलीकडे जायला अडतो.

पण सगळी जाडी कायमची नसते. बऱ्याच रुग्णांत जो मधला टप्पा दिसतो त्याला ऑर्गनायझिंग न्यूमोनिया म्हणतात. कोशांत मऊ तंतुमय गोळे असतात, ते महिन्यांत विरघळू शकतात आणि स्टेरॉइडला अनेकदा दाद देतात. भिंतीची मूळ रचनाच मोडली असेल तर मात्र परतीचा रस्ता नाही. तिसऱ्या महिन्यात काढलेल्या स्कॅनवर या दोन गोष्टी दरवेळी वेगळ्या ओळखता येत नाहीत. 2021 नंतर आपल्याकडे ज्याला-त्याला 'फायब्रोसिस झालाय' म्हणत होते, त्यातले अनेक पुढे सुधारले ते यामुळे.

आणखी एक सावधगिरी. कोविडचा अनुभव जसाच्या तसा 1918 वर चिकटवू नका. टॉबेनबर्गर, मोरेन्स आणि फाउची यांनी 2008 मध्ये 1918 चे जतन केलेले फुप्फुसांचे नमुने आणि जुने अहवाल तपासून दाखवलं की तेव्हाच्या बहुतेक मृत्यूंत विषाणूपाठोपाठ आलेल्या जिवाणूंचा न्यूमोनिया होता. प्रतिजैविकं नव्हती. विषाणूच ओळखला गेला 1933 मध्ये. म्हणजे 1918 नंतर मागे उरलेली फुप्फुसं पू झालेली, नळ्या रुंदावलेली अशी जास्त असण्याचा संभव. कोविडनंतरची भिंत जाड झालेली. दोघांनाही 'पोस्ट-व्हायरल' म्हणायचं, पण ती दोन वेगळी दुखणी आहेत.

यंत्र होतं, वापर नव्हता

इतिहास वाचताना मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही. जॉन हचिन्सन यांनी लंडनमध्ये 1846 साली स्पायरोमीटर मांडला, 2130 लोकांची फुंकर मोजली. स्पायरोमीटर भाता मोजतो : किती हवा आत जाते, किती जोरात बाहेर येते. पण विषाणूनंतर भाता ठीक आणि पडदा जाड असं होऊ शकतं. असा रुग्ण यंत्रात फुंकतो, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणूस मात्र विहिरीपासून घरापर्यंत येईस्तोवर दोनदा बसतो. पडदा मोजायची रीत डेन्मार्कच्या मारी क्रोघ यांनी 1915 मध्येच प्रसिद्ध केली होती. अगदी थोडा कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा आत ओढून श्वास रोखायचा आणि किती वायू रक्तात शिरला ते बघायचं. आज आपण याला डीएलसीओ म्हणतो. मानमोडीच्या तीन वर्षं आधी हे जगात होतं. दवाखान्यात नेमाने वापरता येईल असं रूप त्याला मिळालं 1957 च्या सुमारास. मधल्या चाळीस वर्षांत कितीतरी लोकांची धाप 'मनाची' ठरली असेल.

रुंदावलेल्या नळ्या जिवंत माणसात दिसू लागल्या 1922 नंतर, सिकार आणि फॉरेस्टिए यांनी लिपिओडॉल हे आयोडीनयुक्त तेल क्ष-किरणांसाठी वापरायला सुरुवात केल्यावर. सीटी स्कॅनवर पहिला रुग्ण 1971 मध्ये. बारीक जाळी दाखवणारा एचआरसीटी त्याच्याही नंतरचा. 1918 च्या हिंगोलीत यातलं काही असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि दीर्घ खोकला म्हणजे क्षय हे समीकरण तर आजही पुसलेलं नाही.

क्षयावरून एक फाटा घेते. नॉयमर आणि गारेन यांनी 2000 मध्ये दाखवलं की अमेरिकेत 1918 नंतर क्षयाचे मृत्यू एकदम उतरले. त्यांचा खुलासा असा की जे पुढच्या काही वर्षांत क्षयाने गेले असते ते आधीच फ्लूने गेले. याचा अर्थ वाचलेल्यांचा गट हा मूळ लोकसंख्येचा सरळ नमुना नसतो. साथीनंतरचा कुठलाही फॉलोअप वाचताना हे डोक्यात ठेवा. फॉलोअपमध्ये ज्यांना मोजतो ते सगळे साथीच्या चाळणीतून खाली उतरलेले असतात.

हर्टफर्डशायरची वही

मग असं दीर्घकाळाचं काम झालं तरी कसं? माझं आवडतं उदाहरण इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरचं. 1911 पासून तिथल्या आरोग्यसेविका प्रत्येक बाळाच्या घरी जायच्या आणि जन्माचं वजन, दूध, पहिल्या वर्षातली आजारपणं एका मोठ्या वहीत लिहायच्या. एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या मुख्य सेविकेने ही शिस्त लावली. दोन महायुद्धं झाली, वह्या कपाटात राहिल्या. 1980 च्या दशकात डेव्हिड बार्कर यांच्या गटाला त्या सापडल्या. त्यांनी 1911 ते 1930 मध्ये जन्मलेल्या 5718 पुरुषांचा माग काढला, जिवंत असलेल्यांपैकी काहींची स्पायरोमेट्री केली. 1991 मध्ये निष्कर्ष छापला : पहिल्या वर्षात ब्रॉन्कायटिस किंवा न्यूमोनिया झालेल्यांचा एका सेकंदातला उच्छ्वास, म्हणजे एफईव्ही-1, साठीत सरासरी 0.17 लिटरने कमी.

0.17 लिटर म्हणजे चहाच्या कपाइतकी हवा, साठ वर्षांनंतर. हा विषाणूचा थेट परिणाम होता, की आधीच कमजोर फुप्फुसाच्या मुलांनाच न्यूमोनिया होत होता, हा वाद अजून आहे आणि असायलाच हवा. पण वादाला तोंड फुटलं ते एका वहीमुळे. त्या सेविकेला आपण फुप्फुसाच्या इतिहासाचं साधन तयार करतोय याची कल्पनाही नसणार.

आपल्याकडे असं काहीच नाही असंही नाही. पुण्याजवळच्या वढू परिसरातल्या 22 गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने 2002 पासून घरोघरी नोंद ठेवली आहे. मुंबईच्या केईएममधले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भोपाळ वायुगळतीतून वाचलेल्यांच्या फुप्फुसांच्या तपासण्या करून 1985 मध्येच पहिली निरीक्षणं छापली आणि पुढेही पाठपुरावा ठेवला. तिथे विषाणू नव्हता, वायू होता. पण 'वाचलेला माणूस परत मोजायचा' हे आपल्या डॉक्टरांना माहीत होतं.

कोविड : बरे झालेले, म्हणजे?

2020 मध्ये रोज संध्याकाळी तीन आकडे यायचे : बाधित, बरे झालेले, मृत. 8 मे 2020 च्या केंद्राच्या सुधारित धोरणानुसार सौम्य आणि मध्यम रुग्णांना लक्षणं सुरू होऊन दहा दिवस झाले आणि ताप गेला की चाचणी न करता घरी सोडता येत होतं. खाटा कमी होत्या, धोरण समजण्यासारखं होतं. पण 'बरा' या शब्दाचा अर्थ तिथे 'आता खाट लागत नाही' इतकाच होता. महाराष्ट्रात 80 लाखांहून जास्त लोक बाधित नोंदले गेले आणि त्यातले बहुसंख्य दुसऱ्या रकान्यात गेले. 1918 ला तो रकाना नव्हता. या वेळी होता, पण त्याच्या पुढे काही लिहायची सोय नव्हती.

जिथे पुढे लिहिलं गेलं, ती उदाहरणं बघा. 2003 च्या सार्समध्ये पेकिंगच्या एका रुग्णालयातले 71 जण, बहुतेक तिथलेच कर्मचारी, पंधरा वर्षं तपासले गेले. सीटीवर बिघडलेला भाग 2003 मध्ये सरासरी 9.4 टक्के होता, वर्षभरात 3.2 वर आला आणि पुढे 2018 पर्यंत जवळपास तिथेच थांबला, 4.6. म्हणजे जी सुधारणा व्हायची ती मुख्यतः पहिल्या वर्षात झाली. 71 हा आकडा लहान आहे. तरी हे जमलं कारण ही माणसं हजेरीपटावर होती, सापडत होती. बांधकामावरचा मजूर असा सापडत नाही.

भारतातला गाजलेला अभ्यास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा, 2024 मध्ये छापलेला. कोविडमधून उठून साधारण दोन महिने झालेले 207 जण. त्यातल्या सुमारे 44 टक्क्यांचा डीएलसीओ कमी, 35 टक्क्यांत फुप्फुस आखडल्याचा नमुना. युरोप आणि चीनमधल्या आकड्यांपेक्षा हे वाईट. 'भारतीयांची फुप्फुसं जगात सर्वाधिक खराब' अशा धर्तीच्या बातम्या आल्या. तुम्ही मात्र मूळ पेपर उघडा आणि स्वतःला विचारा : हे 207 कोण? एका मोठ्या रुग्णालयात परत येऊ शकलेले. कोविडआधी त्यांची फुप्फुसं कशी होती? आधीची मापं नसतील तर काही नुकसान चुलीच्या धुराचं, जुन्या क्षयाचं असू शकतं. धूम्रपान न करणाऱ्यांतल्या सीओपीडीवर पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांचं काम यासाठी जरूर वाचा. आणि 'कमी' म्हणजे कोणापेक्षा कमी? स्पायरोमेट्रीची 2012 ची जागतिक समीकरणं बनवताना भारतीय उपखंडाचा डेटा त्यात घेतला गेला नाही, आणि डीएलसीओची 2017 ची समीकरणं युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेली आहेत. कुठला पेपर कुठलं समीकरण वापरतो हे मेथड्समध्ये आधी बघायची सवय लावा. हे सगळं विचारूनही वेल्लोरचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो झाला. टीका करायला समोर काहीतरी आहे.

दम लागतो, की दमा आहे?

माझ्या मामांना एप्रिल 2021 मध्ये दहा दिवस ऑक्सिजन लागला. डिस्चार्ज कार्डवर प्रकृती समाधानकारक. बसल्या जागी ऑक्सिमीटर 96 दाखवायचा, त्यामुळे घरात सगळे निश्चिंत. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की मात्र चौथ्या तासाला खाली बसायचे. आधी खोकल्याचं औषध, मग थुंकीची तपासणी, ती निगेटिव्ह, मग 'वय झालं'. वय बावन्न. शेवटी एका डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं, आणि ऑक्सिमीटर 88 वर आला. या सहा मिनिटांच्या चाचणीला तीस मीटर सरळ जागा, घड्याळ आणि ऑक्सिमीटर एवढंच लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहज होईल. त्यावरून कारण कळत नाही, पण काहीतरी आहे एवढं तरी कळतं. घरच्या लोकांनी 'सोंग' म्हणायचं थांबवायला तेवढं पुरलं.

फील्डवर जाणाऱ्यांसाठी भाषेबद्दल एक सांगते. 'तुम्हाला दमा आहे का?' विचारलं की आमच्याकडे माणूस पटकन नाही म्हणतो, कारण दमा म्हणजे रोग, मुलीच्या सोयरिकीत अडचण. 'दम लागतो का?' विचारलं की थांबून सांगतो. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या धाप मोजायच्या प्रश्नावलीत चढणीवरून चालण्याचा प्रश्न आहे. आमच्या सपाट काळ्या रानात चढण शोधावी लागेल. त्याऐवजी 'बरोबरीच्या माणसासोबत चालताना मागं राहता का', 'हंडा घेऊन मधी टेकावं लागतं का' असं विचारावं लागतं. पण प्रश्न बदलला की जुन्या अभ्यासांशी तुलना करता येत नाही, म्हणून मूळ प्रश्नही ठेवावा लागतो आणि नवाही. हळदीचा भाग असल्यामुळे 'हळद पॉलिशच्या मशीनवर काम केलंय का' हा प्रश्नही हवा. ती धूळ वेगळी मोजली नाही तर सगळं खापर विषाणूवर फुटेल.

आता मुद्द्याचं. 2021 च्या उन्हाळ्यात आपल्याकडे शाळकरी पोरालासुद्धा 'स्कोअर' कळत होता. फुप्फुसाच्या पाच भागांना प्रत्येकी पाच, एकूण 25 पैकी किती. राज्य सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये एचआरसीटीचे दर 2000 ते 3000 रुपयांच्या आत बांधून दिले, आणि लोकांनी उधार-उसनवारी करून स्कॅन काढले. गरज नसतानाही काढले, यावर तेव्हा टीकाही झाली, आणि ती बरोबर होती. पण त्यामुळे एक गोष्ट नकळत घडली : घराघरांत तारीख, वय आणि फुप्फुसाची अवस्था असलेला कागद पडून आहे. आमच्याकडे ती फिल्म रेशनकार्डाच्या पिशवीत आहे, मामीने जपलेली. तिच्यात अडचणी आहेत. ती आजारापूर्वीची नाही, आजाराच्या ऐन भरातली आहे. ज्यांनी पैसे उभे केले त्यांचीच आहे. फिल्म चिकटतात, सीडी वाचली जात नाही, स्कोअर देणारे वेगवेगळे. तरीही हर्टफर्डशायरच्या वहीला आमच्या भागात जवळचं दुसरं काही मला दिसत नाही.

ती रद्दीत जायच्या आत कोणीतरी दारोदार जायला हवं. तुम्ही करणार असाल तर क्रम असा : आधी विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, मग मराठीत संमतीपत्र. त्यात 'यातून तुम्हाला उपचार किंवा भरपाई मिळेलच असं नाही' हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घाला, कारण दारात गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. फिल्म घेऊन जाऊ नका, तिथेच उजेडावर धरून फोटो काढा आणि परत द्या. सोबत ऑक्सिमीटर आणि तीस मीटरची दोरी ठेवा.